साराचा चोंबू

३ जुलै
नंदूचं पोट आजही दुखलं. सातवा सरत आला. डोकं जड, तोंडाला चव नाही, लोहाच्या गोळ्या घेऊनही अंगात रक्त नाही. डॉ. बाई म्हणतात, असतं काहींचं. जावई जहाजावर, म्हणून लेक पाचव्यातच माहेरी आली. तेव्हापासून सारभात, आणि मधे नुसतं सार पेला पेला. दुसरं काही पोटात ठरत नाही. सार अर्थात चोंबूतलं. पोंगलला ह्यांनी मुरुगण्णाच्या दुकानातून नवा ईयाचा, म्हणजे कथलाचा, चोंबू आणला. चिंचेचं पाणी ईयात उकळलं की जी रुची येते ती स्टीलात नाही, हे आमच्या घरी वेदवाक्य.

आज तो घासून पालथा घालताना खालच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर बूड घासलं. काळी रेघ उठली. पेन्सिलीसारखी.

चांगलं कथील अशी रेघ ओढत नाही. शिसं ओढतं.

पुन्हा ओढून पाहिली. पुन्हा उठली.

४ जुलै
कुणाला बोलले नाही. तमिळमध्ये ईयम् हा एकच शब्द. पांढरं ईयम् म्हणजे कथील, काळं ईयम् म्हणजे शिसं. बाजारात रंग कोण सांगतो?

आमच्या लॅबमध्ये हळद, दूध, तांदूळ तपासतो; शिशाचं यंत्र नाही, ते चेन्नईला. चोंबूत चिंचेचं पाणी उकळलं, बाटलीत भरलं, लॅबच्या नमुन्यांबरोबर माझ्या नावाने पाठवलं.

नंदूला म्हटलं, चोंबू गळतो.
"मग झाळून आणा की. स्टीलातलं सार म्हणजे नुसतं आंबट पाणी."
हे म्हणाले, "जाता जाता मुरुगण्णाकडे टाकतो."
"नको!" फार जोरात ओरडले. दोघं बघत राहिली.

९ जुलै
चेन्नईच्या केमिस्टचा फोन. "मॅडम, हे कसलं पाणी? मला वाटलं यंत्रच बिघडलं. धुऊन पुन्हा लावलं, तेच. हे कुणी पीत नाही ना?"
"पीत होती," म्हटलं.

दुपारी रजा. नंदूला रक्त तपासायला नेलं. घरी सांगायचा धीर झाला नाही, ऑटोत सांगितलं. गावातल्या महामहम् तळ्यापाशी तिने माझा हात धरला. मग, "आई, मज भेव वाटतं." एवढंच. हात पोटावर.

मी मोठ्या तोंडाने म्हटलं, वेळेत कळलं. वेळेत म्हणजे कधी, ते मलाच ठाऊक नाही. बाळाचे डोळे, मेंदू, हाडं, सगळं ह्याच महिन्यांत…

१३ जुलै
रक्तात शिसं. मर्यादेच्या कितीतरी पट. ह्यांच्यात नि माझ्यात आहे, पण कमी. आम्ही कॉफीवर जगणारी माणसं.

डॉ. बाई म्हणाल्या, एवढ्या पातळीसाठी पोटुशीला शिसं उतरवायचं औषध देत नाहीत. ते बंद झालं हेच औषध. कॅल्शियम, लोह, पुन्हा तपासणी.
"आणि बाळ?"
"बाळापर्यंत जातं. किती गेलं, ते आत्ता सांगता येत नाही."
खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

१५ जुलै
मुरुगण्णाच्या दुकानी गेले. हा नि आमचे हे शाळेपासूनचे दोस्त. लग्नसराईचे चोंबू एकावर एक, चकाकणारे.
सगळं सांगितलं. त्याने हातातला चोंबू खाली ठेवला.
"अम्मा, मी जुन्या भांड्यांची मोड घेतो, वितळवतो, ओततो. ईयम् म्हणून देतात, ईयम् म्हणून घेतो. अप्पाही असंच करायचे."
"पांढरं की काळं, विचारता?"
"चकाकतं ते पांढरं."
"हे विकू नका, मुरुगण्णा."
"सगळेच वाईट आहेत?"
"तपासल्याशिवाय कसं सांगू?"
"मग चांगलेही असतील."

तेवढ्यात एक बाई आली. लेकीच्या लग्नात द्यायला चोंबू हवा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग फळीवरून एक काढला. मी म्हटलं, "अम्मा, घेऊ नका, ह्यात शिसं असू शकतं." तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि त्यालाच विचारलं, खरं का? तो म्हणाला, "आमचं दुकान सगळ्या गावाला ठाऊक आहे." बाई घेऊन गेली.
मी रस्त्यापर्यंत मागे गेले. कुठल्या बसला चढली, कळलं नाही. कुठली, कुणाची, काही ठाऊक नाही. ती लेकही उद्या पोटुशी राहील.

१८ जुलै
अन्नसुरक्षेच्या ऑफिसात. अधिकारी वयाने नंदूएवढी. ऐकून घेतलं, चहाही दिला.
"मॅडम, विक्रीच्या अन्नाचा नमुना मी घेऊ शकते. घरच्या साराचा नाही. आणि चोंबू म्हणजे अन्न नव्हे."
"त्यातूनच अन्नात येतं ना?"
"तेच म्हणते. हॉटेलात असं भांडं सापडलं तर मी उचलेन. दुकानातल्या भांड्यासाठी वरच्यांना विचारावं लागेल. लिहून द्या, दुकानाचं नाव घालून."
नाव घातलं.

घरी ह्यांनी विचारलं, "मुरुगण्णाचं नाव दिलंस?"
"होय वो."
जेवले नाहीत.

२४ जुलै
काल अन्नसुरक्षेची माणसं येऊन दुकानातले काही चोंबू घेऊन गेली. बाजारात बोभाटा. आज लॅबच्या मालकांनी बोलावलं. "सरोजाम्मा, ह्यात लॅबचं नाव येता कामा नये. आपली निम्मी गिऱ्हाइकं त्याच बाजारातली." शिवाय एक फोनही, माणूस अनोळखी, फार गोड आवाजात: "तुमची लेक अवघडलेली आहे ना, अम्मा? जपा."
धमकी की काळजी? दाराला दिवसाही कडी घालते. ह्यांना सांगितलं नाही. नंदूला तर नाहीच.

२ ऑगस्ट
भर दुपारी कडी वाजली. फटीतून पाहिलं, मुरुगण्णा. उघडायला उशीर लावला, खरंच भ्याले. उघडलं तर हाताशी त्याची नात. चपला पायरीखाली काढून उभा.
"अम्मा, ही अजून नीट बोलत नाही. बायको म्हणते, उशिरा बोलतात काही पोरं. भातात सार कालवूनच वाढवली आम्ही." मग खाली बघत, "रक्त कुठे घेतात?"
हे आतून बाहेर आले. सदरा चढवला, त्याच्याबरोबर ऑटोत बसले. पोरगी मध्ये.
दुकानातले बाकीचे चोंबू अजून फळीवरच आहेत, हे परत आल्यावर म्हणाले. अजून विकणार का, विचारलंत का, म्हटलं. "आज नाही विचारवलं."

२९ ऑगस्ट
मुलगी झाली. थोडी लवकर, वजनाने कमी. रडली चांगलं. नाळेचं रक्त चेन्नईला गेलं. बोटं मोजली, डोळे पाहिले, टाळूवर हात ठेवला. काय शोधत होते? जे शोधते ते दिसणारं नाही. डॉ. बाई म्हणतात, चालायला लागेल, बोलायला लागेल, शाळेत जाईल, तसतसं कळेल.

३१ ऑगस्ट
नंदूला पान्हा फुटला आणि ती थांबली.
"शिसं हाडांत साठतं म्हणालीस ना? मग दुधातनं येतं?"
"थोडं."
डॉ. बाई म्हणाल्या, ह्या पातळीला दूध तोडत नाहीत, खुशाल पाजा. नंदूने त्यांचं ऐकलं नि माझ्याकडे वळली. "तू सांग. तू केमिस्ट."
जन्मभर दुसऱ्यांच्या दुधाच्या अहवालाखाली 'योग्य' किंवा 'अयोग्य' लिहून सही केली. मध्ये काही लिहायची सोय तिथे नव्हती.
बाळी रडून लाल झाली होती.
"पाज," म्हटलं.
बाळीने तोंड लावलं. घुटक्यांचा आवाज ऐकू येत होता. नंदू बाळीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.