बांगड्यांना चिंध्या गुंडाळल्याबद्दल तक्रार

आरमोरी,
शुक्रवार, ता. ८ फेब्रुवारी १९५७

रा. रा. भैयाजीभाऊ यांस,

आपल्या घरच्या थोरल्या जवायाचा, म्हणजे सोमाजीचा, रामराम. (रामराम वाकून करायचा होता, पण सध्या मान वाकत नाही.) आपली प्रकृती, वहिनींचे गुडघे, काळी म्हैस आणि नव्या विहिरीचं पाणी ही सगळी ठीक असतील असं धरून चालतो. इकडची खुशाली विचाराल तर उजवं मनगट सुजलेलं आहे आणि डाव्या कानामागे आवळ्याएवढं टेंगूळ आहे. ह्या दोन्ही वस्तू तुमच्या बहिणीने, म्हणजे आमच्या मनकर्णेने, एकाच सकाळी दिल्या. माल ज्याच्याकडून घेतला त्यालाच खोट दाखवायची, ही बाजाराची रीत. म्हणून ही तक्रार गावच्या पंचांकडे न नेता तुमच्याकडे आणतो आहे. (अठ्ठावीस वर्षं वापरून मग खोट दाखवतो आहे, हे मान्य.)

भाऊबीजेला मनकर्णेला घेऊन आलो होतो, तेव्हा तुमच्या ओसरीवर वीस माणसांदेखत मी जे बोललो ते तुम्हाला आठवत असेल. आठवत नसेल तर बरंच आहे, पण तुमचे नानाजीकाका विसरणाऱ्यातले नाहीत. मी म्हणालो होतो की, यंदा शिवरात्रीला मार्कंड्याच्या देवळाच्या जत्रेत आमच्या लाठीच्या आखाड्याची मिरवणूक निघेल, आणि मनगटाला भगवा दोरा बांधून सगळ्यांच्या पुढे जो चालेल तो मी असेन. नानाजीकाका पान चघळत म्हणाले, "जवाईबापू, पोट पुढं चालन, तुमी मांगून या." सगळी ओसरी हसली. मी त्याच रागात तुमच्या अख्ख्या गावाला जत्रेचं निमंत्रण देऊन बसलो. आता ऐकतो की अकरा बैलगाड्या ठरल्या आहेत. भाऊ, सुरुवातीलाच सांगून टाकतो, पुढे मी नाही. पुढे कोण, ते ओघाने येईल, आणि ते लिहिताना अक्षर वाकडं आलं तर ते सुजेमुळे समजावं.

झालं असं. गेल्या चैत्रात आमच्याकडची शकुबाई पहाटे मोहफुलं वेचायला गेली आणि झाडाखाली अस्वल भेटलं. तिने टोपली त्याच्या तोंडावर फेकली आणि गावापर्यंत पळत आली. (अस्वल तिच्या मागे लागलंच नव्हतं. ते टोपलीतली फुलं खात बसलं होतं.) पण गाव हादरलं. तेव्हा आमचे गुणवंतराव उस्ताद, जे पोलिसातून कवायत शिकवून निवृत्त झाले आहेत, त्यांनी मारुतीच्या देवळामागे लाठीचा आखाडा काढला. बायकापुरुष दोघांसाठी. पायऱ्या चार, दोरे चार. नुसतं नीट उभं राहता आलं की पांढरा, एका काठीला काठी देता आली की पिवळा, दोघांना एकट्याने आवरलं की हिरवा, आणि डोळे बांधून, नुसत्या कानावर, तीन माणसांचे तीन फटके अडवले की भगवा. मी पहिल्याच दिवशी नाव घातलं. बाया मात्र कोणी येईनात. तेव्हा गावाला वळण लागावं म्हणून मी स्वतः, माझ्या ह्या सुजलेल्या हाताने, तुमच्या बहिणीचं नाव लिहिलं. ही माझी पहिली चूक. तुम्ही तिला त्या काळी चौथीपर्यंत शिकवलंत, ही तुमची. तिचा परिणाम पत्राच्या शेवटी दिसेल.

मला पांढऱ्या दोऱ्यालाच तीन महिने लागले. उस्तादांचं म्हणणं, माझं वजन पायांवर न येता पुढच्या बाजूला जातं. बरं, जाऊ द्या, बत्तीस वर्षं धानाची पोती वाहिली, त्यातून गिरणी उभी केली, ते वजन हवेतून आलेलं नाही. पण तुमची बहीण! आषाढात आली, पोळ्याला पिवळा, दसऱ्याला हिरवा. माझ्या एक महिना आधी! आणि आखाड्याचा कायदा असा की, वरच्या दोऱ्याचं माणूस दिसलं की खालच्या दोऱ्याने वाकून त्याच्या पायापुढची माती कपाळाला लावायची. आखाड्यात तर लावायचीच, आणि जिथे दिसेल तिथेही. भाऊ, तो एक महिना मी घरात मागच्या दाराने ये-जा केली. तरी एकदा भर बाजारात, नागपूरचे दोन धान-व्यापारी सोबत असताना, समोरून ती वांग्यांची पिशवी घेऊन आली आणि उभी राहिली. नुसती उभी राहिली. मी माती लावली. व्यापाऱ्यांना वाटलं, ही कोणी मोठी देवऋषीण आहे; त्यांनीही लावली.

हे सगळं मी गिळलं, कारण चौथी पायरी कानाची होती. आणि माझे कान, भाऊ, तुम्हाला ठाऊकच आहेत. गिरणीत बसल्या बसल्या आवाजावरून सांगतो की धानात खडा आला. गाडी वळणावर असतानाच आसाच्या कुरकुरीवरून सांगतो की ही कोणाची. व्यापारी एकमेकांच्या कानात भाव सांगतात तो मला ऐकू येतो, आणि गिरणीच्या निम्म्या भिंती त्यावरच उभ्या आहेत. माझा नुसता दरारा बघा, मी खाकरलो की हमाल बिडी विझवून उठतात. तेव्हा भगव्या दोऱ्याची मला चिंता नव्हती. (तुमच्या बहिणीला होती. आषाढापासून जेवायला बसलो की तिचं एकच, "आयका ना, फटक्याच्या आंदी तुमी..." पुढचं मी कधी ऐकलं नाही. जेवताना बायकांचं काहीतरी चालूच असतं.)

परीक्षा गेल्या रविवारी झाली. बसलो आम्ही दोघंच, नवरा आणि बायको, आणि बघायला अर्धी आरमोरी. तिचे डोळे आधी बांधले. मारायला तीन माणसं: झिंगू ढिवर, सुकलू शिंपी आणि मी. झिंगूचा फटका तिने अडवला, सुकलूचा अडवला. मग मी निघालो. चपला काढल्या, किल्ल्यांचा जुडगा उस्तादांच्या हातात दिला, धोतराचा सोगा खोचला, मांजरासारखा मागून गेलो, काठी उचलली, आणि अजून ती खाली यायची होती तोच बाई गर्रकन वळल्या आणि माझ्या मनगटावर ठेवून दिली. कसं कळलं ते देवाला ठाऊक. टाळ्या किती पडल्या ते मी मोजलं नाही.

मग दुपट्ट्याने माझे डोळे बांधले. झिंगूचे गुडघे मासे धरायला तळ्यात उभं राहून राहून वाजतात, तो चार हातांवर असतानाच मी त्याला ओळखला. सुकलू नाकाने शीळ घालतो, त्याला अडवला. तिसरं माणूस तुमची बहीण. भाऊ, मी दुपट्ट्याच्या आत हसलो. दोन्ही हातांत मिळून दोन डझन हिरव्या बांगड्या! अठ्ठावीस वर्षं मी त्या ऐकतो आहे. बांगड्यांवरून मला कळतं भाकरी थापली जाते आहे की आपटली जाते आहे, पाहुणे तिच्या माहेरचे आहेत की माझ्याकडचे, आज बोलावं की गप्प राहावं. त्या वाजल्या नाहीत तर मला घर रिकामं वाटतं. मी निवांत उभा राहिलो, बांगड्यांची वाट बघत. सगळं मैदान चिडीचूप. मी म्हटलं, ही अजून निघालीच नाही. आपण तोवर तयार राहावं म्हणून जरा घसा साफ केला, आणि कानामागे जो काय बसला! दुपट्टा ओढून बघतो तर बाईंनी मनगटापासून कोपरापर्यंत ओल्या चिंध्या गुंडाळलेल्या!

याला काय म्हणायचं? मी म्हणतो, ही लबाडी आहे. मी तिथल्या तिथे उस्तादांकडे हरकत घेतली. उस्ताद मिशीला पीळ देत म्हणाले, "काऊन सोमाजी, अस्वल का बांगड्या घालून येते?" पुन्हा सगळे हसले. मग मी धर्माची बाजू मांडली, की सवाष्ण बाईने बांगड्यांचा आवाज दाबणं चांगलं नाही. तर माझी सख्खी मावशी रुखमाबाई, जिने मला मांडीवर खेळवलं, ती गर्दीतून ओरडली, "अरे, झाकल्या, फोडल्या नाई! थंडीत तू कान नाई झाकत का?" कानाचा विषय त्या वेळी काढायला नको होता.

तर भाऊ, भगवा दोरा मनकर्णेला. मार्कंड्याला पुढे ती. माझ्या मनगटावर हिरवा, त्याखाली सूज. आणि माती लावणं पुन्हा चालू. आता घरीसुद्धा, कारण मागच्या दाराला तिने कडी घातली आहे. एका स्वाभिमानी माणसाने काय करावं ते तुम्हीच सांगा. तिचे थोरले भाऊ म्हणून तुम्ही तिला खरमरीत पत्र लिहावं, निदान अकरा गाड्यांपैकी दहा तरी अडवाव्यात, एवढंच मागणं आहे. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. नानाजीकाकांना यातलं काही सांगू नये.

आपला (अजूनपर्यंत) जवाई,
सोमाजी

ता. क. गाड्या अडवू नका. बाराव्या गाडीची सोय होत असेल तर बघा. आणि देवळाच्या पायऱ्यांच्या डाव्या अंगाला बसा. तिचा डाव्या हाताचा फटका उजव्या बाजूने नीट दिसत नाही, आणि तो बघण्यासारखा आहे. मी तिच्या मागेच असेन, जास्तीची काठी घेऊन. येताना तुमच्या बांबूच्या बेटातली एक पिकलेली, भरीव काठी आणा. तिची तडकली. कशावर, ते वर आलंच आहे.

ता. क. दुसरं. खरं काम हे आहे, बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल. चैत्रात पुन्हा परीक्षा आहे, आणि आखाड्यात भगव्या दोऱ्याचं माणूस असेल तर तिसरा फटका त्यानेच मारायचा असा नियम आहे, म्हणजे पुन्हा तीच. तुम्ही लहानपणी बारा-तेरा वर्षं तिच्यासोबत एका घरात काढलीत. तुम्ही गूळ चोरताना ती मागून यायची, तेव्हा तुम्हाला कशावरून कळायचं? पाऊल वाजायचं, की श्वास, की आणखी काही? जे असेल ते पाकिटात घालून, गिरणीच्या पत्त्यावर कळवा. घरच्या नाही.

ता. क. तिसरं. वरचं सगळं मनकर्णेने वाचलं. माझ्या खांद्यावरून. कधी येऊन उभी राहिली ते कळलं नाही. ती म्हणते ते तिच्याच शब्दांत लिहितो, कारण काठी तिच्या हातात आहे: "भाऊले लिवा, हा माणूस अठ्ठावीस वर्सं माह्या बांगड्या आयकून राह्यला. मी काय म्हणून राह्यली ते एक दिवस आयकलं असतं, त पास झाला असता. रोज जेवताना सांगून राह्यली, फटक्याच्या आंदी खाकरत नका जाऊ. मारतानी खाकरता त दुसऱ्याले कळते, आन उभे राहून खाकरता त तुमालेच काई आयकू येत नाई. मी तेवढ्यासाठीच थांबली होती." यावर माझ्याकडे चांगलं सडेतोड उत्तर होतं. ते द्यायला मी घसा साफ केला, आणि वळून बघतो तर खोलीत कोणी नाही.