मितेशने बसवलेला आवाज

पळस्पे, पनवेल
दि. ९ फेब्रुवारी २०२५

ती. वेणूताईस,
कमळाकरचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू बोलतेस ते मला आता धड ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. सुकट पोचली. तुमच्या करंज्याच्या सुकटीची चव वेगळीच.

माझ्या मोटारसायकलवर नोटीस आली आहे. ट्रॅफिकवाल्यांनी सायलेन्सरपाशी यंत्र धरलं आणि आवाज मर्यादेच्या फार वर आहे म्हणाले. मी सांगितलं, साहेब, ही गाडी साठ वर्षांची, तुमच्या कायद्याच्याही आधीची. ते म्हणाले, काका, जुनी म्हणून आवाजाला सूट नाही. पंधरा दिवसांत सायलेन्सर बदला, नाहीतर गाडी जमा.

सायलेन्सरच्या आतली जाळी मितेशने काढली होती, तुला माहीतच आहे. महिनाभर गाडी खोलून बसला होता, आणि मग म्हणाला, बाबा, आता बोलायला लागली. कावीळ होऊन पोरगा गेला त्याला दोन वर्षं झाली. त्याच्या हातचं एवढंच उरलंय, ते मी काढू देणार नाही. कोर्टात जावं लागलं तरी जाईन.

आवाजाच्या तक्रारीचा अर्ज कुणी केला ते न सांगता कळतं. शेजारचा भगवान. वीस तारखेला त्याच्या लेकीची, रोशनीची हळद आहे, तेव्हा बँजो पार्टी लावेल तो आवाज नाही वाटतं? मी जाणार नाही, आणि मितेशच्या आईने, गोमतीनेही, धवले म्हणजे लग्नाची गाणी म्हणायला जायचं नाही, असं बजावलंय. गावात दुसरी धवलारीण नाही. बसू दे त्याला हात चोळत.

भावजींना नमस्कार. माया आहेच, ती राहू दे.

तुझा,
कमळाकर

करंजा
दि. १४ फेब्रुवारी २०२५

चि. कमळाकर यास,
वेणूताईचे अ. उ. आ.

तुझं डोकं लहानपणी तापायचं तसंच अजून तापतं. भगवानने काही केलेलं नाही. अर्ज गोमतीने केला. डिसेंबरात ती माझ्याकडे चार दिवस राहिली तेव्हा आमच्या ओट्यावर बसून तिने सांगितलं आणि मी लिहिलं. रागवायचं तर माझ्यावर रागव.

संध्याकाळी फाट्यावर चहा पिऊन तू निघालास की गाडीचा आवाज घरापर्यंत येतो. तिला तो मितेशच वाटतो. कळत असतं, तरी ती उठते आणि भात गरम करायला ठेवते. मग दारात तू दिसतोस. पोरगा रोज एकदा येतो आणि रोज एकदा जातो, असं म्हणाली.

तुला का सांगत नाहीस, असं मी विचारलं. तर म्हणे, त्यांचा जीव त्या आवाजात आहे, माझ्या तोंडाने नको कसं म्हणू? सरकारने सांगितलं तर ऐकतील. मलाही ते पटलं, तिथे चुकलं माझं. आधी तुलाच लिहायला हवं होतं.

मितेश गेल्यापासून तिने एक धवला म्हटलेला नाही. रोशनीसाठी पहिल्यांदा हो म्हणाली होती, आणि तिला तू अडवलंस. जा, भगवानच्या घरी जा.

थोरली आहे म्हणून बोलले. मनातून उतरवू नकोस.

तुझी,
वेणूताई

पळस्पे
दि. २२ फेब्रुवारी २०२५

ती. वेणूताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मग भगवानकडे गेलो, हात जोडले. तो म्हणाला, त्रास व्हायचा, पण मितेशची गाडी म्हणून आम्ही कधी बोललो नाही.

हळदीला गोमती गेली, तिने धवले म्हटले. मला शब्द काही कानाला लागले नाहीत, नुसता तिच्या तोंडाकडे बघत बसलो. काल पनवेलला जाऊन जाळीचा सायलेन्सर बसवला. यंत्र धरून बघितलं, आवाज मर्यादेत आहे.

ताई, खरं सांगतो. माझा गुडघा दुखतो, फाट्यावरचा चहा मला आवडत नाही. मी रोज गाडी काढायचो ती तिच्यासाठी. वाटायचं, तेवढा आवाज कानावर पडला की तिला पोरगा जवळ असल्यासारखं होत असेल. आणि ती माझ्यासाठी गप्प.

काल घरी आल्यावर तिला हे सांगितलं. तिने मितेशचं नाव घेतलं. मीही घेतलं. दोन वर्षांत ते नाव आम्ही एकमेकांसमोर उच्चारलं नव्हतं. दोघंही पोटभर रडलो.

तुझ्यावर राग नाही. आमच्यावरची माया कमी करू नकोस.

तुझा,
कमळाकर