हरवलेल्या नदीचा उगम

३ फेब्रुवारी
दरीतल्या जुन्या गाळाचे नमुने घेऊन परतले. एक पिशवी सोडून सगळे तिथेच बाबांच्या चाळणीने चाळले. गवंड्याची चाळण, मी पदवीधर झाले तेव्हा त्यांनी घासूनपुसून मला दिलेली. माझे गाईड सर म्हणाले, लॅबची वापरायची होती. सरांना भावना कळत नाहीत.
संकल्प: रोज घरी फोन. पहाटे पाचला उठणे.

४ फेब्रुवारी, सकाळी नऊ
उठले. फोन उद्या.

११ फेब्रुवारी
फोन केला. बाबांनी विचारलं, तू नक्की करतेस तरी काय? सांगितलं, खंड फाटला, मध्ये दरी पडली, भोवतालच्या डोंगरांतून नद्यांनी तिच्यात वाळू आणून टाकली. त्या वाळूत झिरकॉनचे चिवट कण असतात. त्यांचं वय काढलं की वाळू कुठल्या डोंगरातली ते कळतं. बाबा म्हणाले, म्हणजे वाळूला माहेर विचारायचं. अगदी तेच! मग बराच वेळ खोकले. जन्म धुळीत गेला, खोकला असायचाच.

२ मार्च
शोध लागला! नमुन्यांत फार जुने, गुलाबी, गोल कण. एवढा जुना खडक दरीच्या आसपास कुठेच नाही. म्हणजे पूर्वी लांबून एखादी मोठी नदी येत असणार. पुढे हरवली. पेपर माझा, नदीला नाव बाबांचं. सर म्हणाले, न चाळलेली पिशवीही तपासू या. मोठ्या शोधाला आधी विरोध होतोच.

९ मार्च
धाकटीचा फोन. बाबा जेवत नाहीत म्हणे. उन्हाळ्यात भूक मरतेच. तिला तसं समजावलं. तिने फोन आपटला. बहिणींमध्ये एवढं चालायचंच.

१५ मार्च
बाबांचा आवाज फार बारीक येत होता. नेटवर्क. विचारलं, येऊ का? म्हणाले, कालवलेला सिमेंटचा माल टाकून उठू नये, वाळतो. झालं तर मग, त्यांचंच म्हणणं आहे. नदीचा नकाशा काढला. निळा रंग शोभतो.

२१ मार्च
धाकटी वाट्टेल ते बोलली. म्हणे, कोट्यवधी वर्षांपूर्वीचं पाणी कुठून आलं ते शोधत बस, ताई. इथे बाबांच्या घशाखाली घोटभर पाणी उतरत नाहीये. लहानपणापासून नाटकीच. तरी बॅग भरली. सेमिनार झाला की निघायचंच.

२४ मार्च
सेमिनार झकास. टाळ्या. न चाळलेल्या पिशवीची तपासणी लागली आहे. ती झाली की नक्की.

२६ मार्च, पहाटे पाच
उठले. धाकटीचा फोन होता.
बाबा गेले.

१४ एप्रिल
परत आले. घरून निघताना धाकटीने एवढंच सांगितलं की बाबा शेवटपर्यंत येईल त्याला सांगत होते, आमची थोरली वाळूला माहेर विचारते. आणि दार वाजलं की विचारायचे, आली का.

१५ एप्रिल
रिपोर्ट टेबलावर होता. न चाळलेल्या पिशवीत एकही गुलाबी कण नाही. चाळलेल्या सगळ्यांत आहेत. सरांनी हळूच विचारलं, चाळण कुठली?
पांढऱ्या कागदावर ती ठोकली. चौकटीच्या सांध्यांतून वाळू गळली. मायक्रोस्कोपखाली धरली. गुलाबी. गोल. आमच्या गावच्या नदीची. बाबांनी जन्मभर याच वाळूने लोकांच्या भिंतींना गिलावा केला.
नदी हरवली नव्हती. तिकडे कधी नव्हतीच.
पेपर रद्द. सर म्हणाले, असं होतं कधीकधी. आता ती चाळण स्वच्छ धुऊन ठेव.
हो म्हटलं.
उद्या धुते.