टाकी रिकामी झाली ती दुपार

लवळे,
१० ऑगस्ट २०२५

प्रिय दिशा,

नमस्कार. पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे न फोडताच बाजूला ठेवलं नसशील, असं धरून लिहिते. तुझा पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून, गौतमीकडून घेतला, तिच्यावर रागावू नकोस. तुझं महाळुंगे इथून अर्ध्या तासावर, आणि मी पोस्टाने पत्र पाठवतेय! फोनवर लिहून तीनदा पुसलं. कागदावर खोडलेलं निदान दिसतं तरी.

जूनमध्ये मी आयर्लंडहून शिकून परत आले. इथे सगळं ठीक. आईच्या भाड्याच्या सहाही खोल्या भरल्यात, कॉलेजच्या पोरांची रिक्षावाल्यांशी रोजची हुज्जत चालू आहे, आणि आपल्या कॅन्टीनचा चहा अजून तसाच पांचट. तुझ्या चार नंबरच्या खोलीत आता जुईली नावाची मुलगी राहते, नांदेडची.

तिकडचं वर्ष कसं गेलं म्हणशील, तर पहिले दोन महिने मी रडून काढले. इथे मी मालकिणीची मुलगी. 'गीझर आठला बंद होणार' असं तुमच्या दारावर थापा मारून सांगायचे. तिथल्या हॉस्टेलात माझ्या दारावर थापा पडायला लागल्या, तेव्हा भाडेकरू होणं म्हणजे काय ते कळलं. इंग्रजी मात्र तू घोटून घेतलेलं कामी आलं. तिथल्या प्रवेशासाठी महिनाभर रोज संध्याकाळी तू माझी खोटी मुलाखत घ्यायचीस, आठवतं? मी अडखळले की पेन्सिल टेबलावर आपटायचीस. "पुन्हा. श्वास घे, मग बोल."

नोव्हेंबरातली एक गोष्ट सांगते. रविवारी दुपारी मी आमटीला मिरचीची फोडणी दिली आणि धुराने धोक्याची घंटा वाजायला लागली. तीन मजल्यांची पोरं थंडीत अंगणात. वॉर्डनबाईंनी विचारलं, कोणाचा स्वयंपाक चालू होता? एकाने माझ्या शेजारच्या नायजेरियन मुलीकडे बोट दाखवलं, कारण रोज साग्रसंगीत रांधायची ती. ती म्हणाली, मी नाही. कोणी ऐकलं नाही. ती पुन्हा म्हणाली, मी नाही. दिशा, मला तुझाच आवाज ऐकू आला. मी हात वर केला आणि म्हटलं, मी होते. बाईंनी नाव लिहून घेतलं, पुढच्या वेळी पंखा लाव म्हणाल्या, आणि सगळे आत गेले.

एवढंच असतं, आणि तुझ्या वेळी मला ते जमलं नाही.

गेल्या वर्षीच्या एप्रिलातली ती दुपार. तुझे ओले कपडे गच्चीवर वाळत होते, म्हणून आईने धरलंच की टाकीचा नळ तूच उघडा टाकलास. टँकर यायला दोन दिवस, सहाही खोल्या कोरड्या. "मावशी, मी लायब्ररीत होते," तू तीनदा सांगितलंस. परीक्षा चार दिवसांवर असताना तुला खोली सोडावी लागली. गौतमीच्या खोलीत जमिनीवर बसून तू अभ्यास केलास, हे नंतर कळलं. जाताना तू माझ्याकडे पाहिलंस. मी तुझी गादी खाली आणायला मदत केली. मोठी गुणाची मी!

नळ मी सोडला होता. कढीपत्त्याला पाणी घालत होते, तेवढ्यात मुलाखतीचा फोन आला. तू तयारी करून घेतलेली तीच मुलाखत. रेंज येते म्हणून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि पाइप तसाच वाहत राहिला. मुलाखत छान झाली, मी नाचत खाली उतरले. खरं सांगितलं असतं तर आई म्हणाली असती, "एक नळ बंद करता येत न्हाई, तितं जाऊन काय दिवे लावणार?" माझं जाणं रद्द होईल या भीतीने मी गप्प बसले. तुझ्या माथी खापर फोडून आयर्लंडला गेले.

त्या फोडणीनंतर तरी लगेच लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. परत आल्यावर जुईलीनेच मला बजावलं, "ताई, नळ नीट बंद करा हं. आधी इथे कोणी दिशा होती, तिने अख्खी टाकी रिकामी केली म्हणे." आई प्रत्येक नव्या मुलीला हे सांगते. ज्यांनी तुला पाहिलेलंही नाही, त्यासुद्धा तुला नावं ठेवतात. मला जुईलीच्या तोंडाकडे बघवेना.

परवा आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, हात थांबला. मला वाटलं, आता उलथनं येतंय अंगावर. पण ती पिठाच्या हातांनीच उठली, माझा दंड धरून मला खोल्यांपुढच्या पडवीत नेलं आणि सगळ्या मुलींना बाहेर बोलावलं.

"ती टाकी माज्या पोरीनं रिकामी केली व्हती. दिशानं न्हाई. म्या उगाच तिचं नाव घेत व्हते."

मग खाली बघत मला म्हणाली, "तू गप बसलीस ही तुजी चूक. पर ती पोर तीनदा सांगत व्हती, आन म्या येकदाबी ऐकलं न्हाई."

तव्यावरची भाकरी करपली होती. तीच आम्ही दोघींनी खाल्ली.

आईला तुला भेटायचंय. आधी म्हणाली, "तिला हितं बोलव." मग स्वतःच म्हणाली, "नगं. घालवली आपण, तर जायचंबी आपणच." येत्या रविवारी येऊ का? नको म्हणालीस तर येणार नाही, आणि तुला कोणी दोष देणार नाही.

माफी या पत्रात मागत नाही. ती तुझ्यासमोर उभं राहूनच मागायची आहे. अडखळले तर पेन्सिल आपट. मी श्वास घेईन आणि पुन्हा बोलेन.

नळ उघडा टाकून गेलेली,
शुभांगी