सासूबाई फोटोतून गेल्या त्याची हकीकत

गोडादरा, सुरत

ती. सोनालीताईंना,

धाकट्या वहिनीचा, म्हणजे रंजनाचा, वाकून नमस्कार. दाजींना आणि तुमच्या सासूबाईंनाही सांगावा. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, खरं काय ते पुढे येईलच. तुमच्या गुडघ्याला आता उतार पडला असेल. अमळनेरच्या त्या मालिशवाल्याचं तेल लागू पडलं असेल तर एक बाटली पाठवा. नसेल पडलं तरी पाठवा, आईंना त्याचा वास आवडतो.

तुम्ही म्हणाल, फोन असताना चिठ्ठी कशाला. ताई, आपल्या घरात फोन ही एकट्याने बोलायची वस्तू नाही. तुमचं नाव दिसलं की आई म्हणतात स्पीकर लाव. मग मी "बरं आहे" एवढंच बोलते आणि पुढचा पाऊण तास त्या बोलतात (मायलेकींनी बोलावंच, माझी काही तक्रार नाही). म्हणून खालच्या मजल्यावरचे लोटूभाऊ लग्नाला अमळनेरला निघालेत, त्यांच्या हाती हे पाकीट देते. आईंना यातलं काही माहीत नाही.

तर मी घरून साड्या विकते हे तुम्हाला ठाऊकच आहे. मार्केटातून आणायच्या, खाटेवर पसरायच्या, फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. लिंबायतपासून कामरेजपर्यंतच्या अडीचशे बाया त्यात आहेत. अडचण एकच. आपली खोली दहा बाय बारा, आणि खाटेच्या पलीकडे खिडकीखाली आईंची बसायची जागा. त्यामुळे माझ्या प्रत्येक साडीच्या मागे आई असायच्या. शिफॉनच्या मागे त्या मेथी निवडत असत, जॉर्जेटच्या मागे शेंगा फोडत असत, आणि एका लग्नाच्या भारी साडीमागे त्यांनी अशी जांभई दिली होती की साडीकडे कुणी पाहिलंच नाही. एका बाईने तर साडी सोडून आईंच्या मांडीवरच्या सुपाची किंमत विचारली. मी आईंना जरा सरका म्हणाले नसते का? म्हणाले. त्या सरकल्या आणि दुसऱ्या बाजूने फोटोत आल्या.

शेवटी तुमच्या भावाने नवा कॉम्प्युटर आणला. त्यांचं म्हणणं, त्यात फोटो साफ करायचं सॉफ्टवेअर टाकलं की मागचं सगळं नीट होईल. (मागचं सगळं म्हणजे कोण, हे त्यांनी आईसमोर सांगितलं नाही. ते लूमच्या खात्यात, कापडाच्या मागांवर, मास्तर आहेत, धागा कुठे तुटेल हे त्यांना आधी कळतं.) सॉफ्टवेअर घ्यायला आम्ही तिघं लिंबायतला प्रवीणभाईंच्या दुकानात गेलो. तिघं, कारण आईंच्या मते त्यांच्याशिवाय घेतलेली वस्तू वर्षभर टिकत नाही. प्रवीणभाईंनी आधी एका मोठ्या कंपनीचं दाखवलं, त्याचे दर महिन्याला पैसे भरायचे. आईंनी विचारलं, म्हणजे भाड्याने? ते म्हणाले, तसंच समजा माजी (इकडे आईला माजी म्हणतात). मग डिपॉझिट किती, सोडताना ते परत मिळतं का, आणि रंग-सफेदी कोण करून देतं, असं आईंनी विचारलं. प्रवीणभाई विचारात पडले आणि म्हणाले की परत काही मिळत नाही. आई उठल्याच. आपण सुरतेत तीस वर्षं भाड्याच्या खोलीत काढली, आता फोटोही भाड्याने पुसायचे का, असं त्या रिक्षात गोडादऱ्यापर्यंत रिक्षावाल्याला सांगत होत्या.

मग तुमच्या भावाच्या खात्यातले दगाभाऊ पेन ड्राइव्हमधून एक फुकटचं घेऊन आले. ते कुठल्या भाषेत होतं ते दगाभाऊंनाही सांगता आलं नाही. मी अंदाजाने एक बटण दाबलं तर सगळ्या साड्या जांभळ्या झाल्या. दुसरं दाबलं तर कॉम्प्युटर बंद पडला, तो दगाभाऊ चहा पिऊन निघून गेल्यावरच चालू झाला. त्यानंतर सात दिवस मोफत वापरायचं एक मिळालं. ते छान होतं, फक्त प्रत्येक फोटोवर स्वतःचं नाव तिरकं छापायचं. उधन्याच्या एका बाईने तीच साडी मागवली आणि पार्सल पोचल्यावर परत पाठवली. का, तर तिला ती तिरक्या इंग्रजी अक्षरांची डिझाइनवाली हवी होती आणि मी साधी पाठवली. (तशी छापून मिळेल का म्हणून मी मार्केटात विचारलं. मिळते म्हणाले. सुरत आहे.)

अखेर आईंनीच निवड केली. हे नीट लक्षात ठेवा ताई, सॉफ्टवेअर आईंनी निवडलं. एकदाच पैसे द्यायचे, भाडं नाही, आणि सगळं हिंदीत. शिवाय त्यांनी घासाघीस केली. डबा नाही, पिशवी नाही, तुमच्या माणसाला उचलून द्यावं लागलं नाही, मग त्याचे कमी करा. प्रवीणभाईंनी केले. मला वाटतं त्यांना दुकान बंद करून जेवायला जायचं होतं.

त्यात एक बटण होतं. ते दाबलं की फोटोत जे काही नको असेल ते यंत्र आपोआप ओळखतं आणि पुसतं. आई भाजीला गेल्या होत्या. माझ्याकडे नव्या बत्तीस साड्यांचे फोटो होते. मी एकावर दाबून बघितलं. खिडकीवरची ओली पिशवी गेली, भिंतीवरचा ओघळ गेला, आणि आई गेल्या. त्यांच्या जागी यंत्राने भिंत काढली, ती आपल्या भिंतीपेक्षा चांगली होती. मग यंत्राने विचारलं, सगळ्या फोटोंना असंच करू का. मी हो म्हणाले. देवाशपथ सांगते, मला साड्याच दिसत होत्या. फोनमध्ये जागा नव्हती म्हणून मूळ फोटो मी आधीच काढून टाकले होते. साफ झालेले बत्तीस ग्रुपवर टाकले आणि भाताचा कुकर लावायला गेले.

बत्तिसाव्या फोटोत यंत्राकडून आईंचा उजवा हात राहून गेला होता. भिंतीतून नुसता हात बाहेर आलेला आणि मुठीत मेथीची जुडी. कामरेजच्या एका बेनने लिहिलं, "बेन, आ हाथ कोनो छे?" म्हणजे हा हात कुणाचा. दुसरीने विचारलं, माजी कुठे गेल्या. मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. उत्तर कुणी देईना म्हटल्यावर तिसरीने हात जोडल्याचं चित्र टाकलं, चौथीने फुलं टाकली, आणि मग ओळीने साठ बायांनी ओम शांती लिहिलं.

तासाभरात ग्रुपमधल्या, लिंबायतच्या कुसुमताई जावेला घेऊन आल्या. चार जिने चढताना त्यांनी रडं जमवत आणलं होतं. दार उघडताच ते फुटलं. दार आईंनी उघडलं होतं.

ताई, तुमच्या आईचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. दारात रडकी बाई दिसली की त्या आधी आत घेतात, मग चौकशी करतात. त्यांनी कुसुमताईंना खाटेवर बसवलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "काय व्हयनं व माय? कोन गयं?"

कुसुमताईंना रडं आवरेना. त्यांनी बोट दाखवलं. "तुम्हीच."

आई म्हणाल्या, "कधी?"

मग सगळं उघडकीला आलं. आईंनी बत्तीसही फोटो पाहिले, एकेक, चष्मा पुसून. ते बटण दाखव म्हणाल्या. त्यावर हिंदीत लिहिलं होतं, अनचाही वस्तुएँ हटाएँ. आईंनी एकेक अक्षर लावून वाचलं. आधी त्यांना वाटलं त्यात चहाचं काही आहे. मग कुसुमताईंच्या जावेने अर्थ सांगितला. (ती पाचवीपर्यंत हिंदी शिकवते. त्या दिवशी तिला कुणी आणायला सांगितलं होतं?) आई म्हणाल्या, "मी या घरमा नको शे, हाई मशीनले बी समजी गयं."

त्यानंतर त्या तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी मोबाइल हातात घेतला की त्या सूप घेऊन गॅलरीत जायच्या आणि तिकडून सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं सांगायच्या की नको असलेली वस्तू बाहेर बसलीय. तुमच्या भावाने काय केलं म्हणाल, तर त्यांनी कामावर दोन-दोन पाळ्या सुरू केल्या. आता माझे फोटो अगदी स्वच्छ येत होते आणि साडी एक खपत नव्हती. बाया म्हणायच्या, मागे माजी असल्या की काठ किती वीत आहे ते कळायचं, रंग खरा आहे ते कळायचं, आता तुझं दुकानासारखं वाटतं. पण खरं सांगते, खपाचं मला तेवढं वाटलं नाही. लग्न होऊन सुरतेला आले तेव्हा मला गुजराती येत नव्हतं. भाजीवालीशी माझ्या वतीने भांडायला आई दोन वर्षं माझ्याबरोबर आल्या. आणि मी त्या खिडकीखालच्या रिकाम्या जागेकडे बघत पोळ्या लाटत होते.

चौथ्या दिवशी मी ठरवलं, आईंना फोटोत परत आणायचं. पण आणू कुठून? जुन्या साड्यांच्या मागे त्या होत्या, पण कुठे नुसती पाठ, कुठे अर्धा कान. चेहरा स्पष्ट असा एकच फोटो निघाला, आपल्या नात्यातल्या चेतनच्या लग्नातला, पंगतीत जिलबी तोंडाशी नेताना. मी तो कापला आणि बत्तीस साड्यांच्या मागे लावला. बत्तीस आई, बत्तीस जिलब्या. मग त्यांना खुर्चीवर आणून बसवलं आणि दाखवलं. त्यांनी सगळं बघून घेतलं आणि तीन दिवसांनी पहिलं वाक्य बोलल्या, "मन्हं तोंड बंद कर."

ताई, नऊ वर्षांत हे काम मला या घरात कुणी सांगितलं नव्हतं. मी मनापासून प्रयत्न केला. यंत्राने जिलबी काढली आणि तोंड मिटताना वर बारीक मिशी काढून दिली. आईंनी बघितलं, मी बघितलं. त्यांचे खांदे हलायला लागले, मला वाटलं रडताहेत, तर त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या आणि म्हणाल्या, हुबेहूब माझे भाऊ दिसतात. आता आमचं सगळं ठीक आहे. त्या खिडकीखाली बसतात आणि मला सांगून जांभई देतात.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघा जपावा.

तुमची वहिनी,
रंजना

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलं. आईंची अट आहे की त्यांचा एक चांगला फोटो प्रत्येक साडीच्या कोपऱ्यात कायमचा लावायचा, तरच त्या मागे बसतील. त्यांचा हसरा फोटो जगात एकच आहे, तुमच्या लग्नातला, हिरव्या शालूतला. तो तुमच्या अल्बममध्ये आहे. लोटूभाऊंबरोबर तेवढा पाठवा.

ता. क. पाकीट चिकटवताना आई आल्या. मला सगळं मोठ्याने वाचून दाखवावं लागलं. त्यांच्या दोन दुरुस्त्या आहेत. जांभई त्यांनी दिली नव्हती, त्या देवाचं नाव घेत होत्या. आणि कुसुमताई रडल्या ते मनापासून, जमवून आणलं असं लिहायला नको होतं.

ता. क. आई सांगतात, त्या फोटोत त्यांच्या शेजारी तुमच्या सासूबाई उभ्या आहेत, अगदी खेटून. हरकत नाही, तसाच पाठवा. ते बटण आता आईंना स्वतःला दाबता येतं.

ता. क. आत्ता आईंना आठवलं की तुमच्याकडे आलेलं पाकीट आधी तुमच्या सासूबाई फोडतात. दुसरा कागद नाही आणि लोटूभाऊ दारात उभे आहेत. म्हणून आईंच्या सांगण्यावरून लिहिते. विहीणबाई, नमस्कार. त्या फोटोत तुमची पैठणी फार सुंदर आली आहे. ती आम्ही ठेवू.