सात नंबर

चंदनसार, विरार
९ डिसेंबर २०२५

ती. जागृतीताईंस,
विनिताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर रडू फुटेल, म्हणून लिहिते. सुरुची खो-खो खेळते? माझी पोटची पोर, दोन वर्षं वसईला तुमच्याकडे, होळी गावात राहते, आणि मला, तिच्या आईला, हे कालच्या अंतिम सामन्यात कळावं? तेही समोरच्या संघात पाहून?

दहावीच्या सराव परीक्षेमुळे मी मैदानावर उशिरा पोचले. माझ्या संघातल्या मुलींनी समोरच्या संघाचा आधीचा सामना पाहिला होता. म्हणाल्या, सात नंबरची भारी आहे, पण खांबाशी हूल देऊन दर वेळी डावीकडेच निसटते. मी ते वहीत लिहिलं आणि तिला डावीकडेच गाठायला सांगितलं. खेळाडूंची यादी हातात होती, पण नंबर सोडून नावं कोण वाचतं! एकोणचाळीस सेकंदांत ती बाद. मी टाळ्या वाजवल्या हो, ताई! मग ती गुडघा झटकत उठली आणि वळली. केस कधी कापले तिने? सामना जिंकून पोरींनी मला उचललं. मी खाली उतरेपर्यंत त्यांची गाडी निघूनही गेली.

तुम्ही का नाही सांगितलंत? ते काही नाही, जूनपासून ती इथे, माझ्याच शाळेत, माझ्याच संघात येईल. तुमच्या भावाचं, जितेशचंही हेच म्हणणं आहे.

रागावून लिहिलंय, तरी लोभ कमी करू नका.
विनिता

होळी, वसई
१२ डिसेंबर २०२५

चि. विनितास,
अ. आ.

पत्र वाचून बागेतल्या बांधावरच बसले. अगं, तुला ठाऊक नव्हतं? खेळाच्या संमतिपत्रावर मी सही केली, तेव्हा आईला सांगितलंय असं म्हणाली होती पोर. काल खोदून विचारलं. तीनदा फोन केला होता म्हणे. तिन्ही वेळा तू मैदानावर, कुणाच्या तरी सुजलेल्या घोट्याला बर्फ लावत होतीस. नंतर करते म्हणालीस. मग तिनं सांगायचंच सोडलं.

दिवसभर शाळा, संध्याकाळी सराव, तुझी ओढाताण मला दिसते. म्हणून तर भाची इथे आणली. पण चांगल्या खेळाडूसाठी तू विरारभर शाळा पालथ्या घालतेस आणि पोर इथे! काखेत कळसा नि गावाला वळसा, बाई.

जूनचं तिला सांगितलं. चाफा तोडत होती. टोपली तशीच ठेवून आत गेली आणि सोबतची चिठ्ठी लिहून आणली. मी वाचलेली नाही.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
जागृती

ती. आईस,
सा. न.

गुडघा बरा आहे. जूनमध्ये मी येणार नाही. तिथे शाळेत तुला बाई म्हणायचं आणि घरी येईपर्यंत तू दमलेली असणार. इथून खेळले तर निदान सामनाभर तू माझ्याकडे बघशील.

डावीकडे निसटायला तूच शिकवलंस, आत्याच्या बागेतल्या सुपारीच्या झाडाभोवती, मी पाच वर्षांची असताना. त्या दिवशी मला उजवीकडे मोकळी जागा दिसली होती. तरी डावीकडेच गेले, तू मला ओळखावंस म्हणून.

तुझीच,
सुरुची