अठ्ठ्याऐंशी श्रेयांक

गोरेगाव, ता. सेनगाव
१४ जुलै २०२५

अहो,

नवऱ्याला पत्र लिहिताना वर काय घालतात तेच आठवेना, म्हणून नुसतं अहो. इकडे सगळे बरे आहेत. सोयाबीन घोट्याच्या वर आलंय, आईंचा गुडघाही जरा बरा आहे. चाकणला तुमची पाळी बदलली का? फोन रोज होतो, पण तो ओसरीवर सगळ्यांसमोर, म्हणून हे कागदावर.

कॉलेजचं काय झालं, असं विचारत होतात. वाशीमला मी दोन वर्षं केली, त्याचे अठ्ठ्याऐंशी श्रेयांक, म्हणजे क्रेडिट्स, सरकारच्या ऑनलाइन खात्यात माझ्या नावावर आहेत. सात वर्षं टिकतात म्हणे. हिंगोलीचं कॉलेज ते घेणार आणि मला थेट तिसऱ्या वर्षाला बसवणार. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून, आणि तेवढी वर्षं मला घरातून कोण सोडणार?

परवा गेले. तिथल्या बाबूंनी आधारचा नंबर टाकला, बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "ताई, हे तुमचे न्हाईत. तुमी पुनम, हे सृष्टीचे हायेत."

मी हसले. परतताना जीपमध्ये डोळे मिटले तर ती सृष्टी दिसली. वाशीमच्या वर्गात, तिसऱ्या बाकावर, दोन वेण्या घालून भूगोलाच्या वहीत नद्या काढत बसलेली. नरसीचा फाटा आला, गेला, ती काही उठेना. तिला लग्नाचं कुणी सांगितलंच नसावं. मला तिचा फार हेवा वाटला.

लग्नात तांदळाच्या ताटात तुम्ही अंगठीनं माझं नवं नाव लिहिलंत, 'पुनम'. ते नाव तुमच्या तोंडून गोड लागतं, खोटं नाही बोलत. महिन्याभरात हौसेनं आधारही बदललं. गुणपत्रिकांचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

आता वाटा दोन. गुणपत्रिकांवर पुनम करून आणायचं, नाहीतर आधार पुन्हा सृष्टी करायचं. पहिल्याला महिने लागतात आणि प्रवेश पंचवीसला बंद. एवढंच तुम्हाला लिहायचं ठरवलं होतं. पण तारीख नसती तरी मी आधारवर सृष्टीच केलं असतं.

आईंना सांगायची भीती वाटत होती. त्या तूर निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "माहं नाव जिवन व्हतं. ह्या घरात आल्यावर गोजर केलं. मले कोणी इचारलं न्हाई. तुहं सापडलं हाय तं घेऊन टाक."

दुसऱ्या दिवशी त्याच माझ्यासोबत सेनगावला आल्या. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं. माझी दुसरी वेळ झाली, आता ते बदलणार नाही. तुम्हाला न विचारता केलं. राग आला असेल तर फोनवर नको, पत्रातच लिहा.

पाकिटावर नाव नीट टाका. पोस्टमनला मी सांगून ठेवलंय.

तुमचीच,
सृष्टी